उंच पठाराचं भूवर्णन कसं लिहावं

“हे पठार समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटर उंचीवर असून येथील हवामान थंड व कोरडे आहे.” उंच पठारांवरच्या बहुतेक लेखांची सुरुवात याच वाक्याने होते. ते खोटं नाही, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. ४,५०० मीटर ही तळ्याच्या काठाची उंची, की शिखरांसकट काढलेली सरासरी? थंड म्हणजे जानेवारीतल्या पहाटे, की जुलैतल्या दुपारीही? आणि कोरडं म्हणजे पाऊस कमी, की हवेतच ओलावा नाही? कोशातली नोंद, अभ्यासप्रकल्प किंवा मोहिमेचा अहवाल पहिल्यांदाच लिहायला बसलेल्याने या प्रश्नांची उत्तरं कोणत्या क्रमाने काढावीत, ते इथे दिलं आहे.

साहित्य फारसं लागत नाही. त्या भागाचा समोच्च रेषांचा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा किंवा उपग्रहावरून तयार केलेली उंचीची माहिती, कोरड्या आणि ओल्या अशा दोन ऋतूंतली उपग्रह छायाचित्रं, किमान दोन हवामान केंद्रांची महिनावार सरासरी आणि आलेख कागद. सरासरी तीस वर्षांची हवी. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड प्रमाण धरतात. एका वर्षाच्या आकड्यांवरून हवामान लिहू नये, ती त्या वर्षाची बातमी झाली.

१. आधी कड शोधा

पठार कुठे सुरू होतं, हे नावावरून ठरत नाही, उतारावरून ठरतं. नकाशावर समोच्च रेषा दाट असतात तिथे कडा असतो आणि त्या अचानक विरळ होतात तिथून पठार सुरू होतं. संगणकावर काम करत असाल तर क्यूजीआयएससारख्या नकाशे हाताळणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत पाच किलोमीटरचे चौरस पाडा आणि प्रत्येक चौरसातल्या सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदूंमधला फरक काढा. हा फरक ३०० मीटरच्या आत असलेले चौरस सलग येत असतील तर तो भाग आम्ही पठाराचा गाभा धरतो. ही मर्यादा कुठल्या नियमाने ठरलेली नाही. तुम्ही २०० धरा, ४०० धरा. काय धरलं ते लिहा म्हणजे झालं.

पठार म्हणजे गच्चीसारखा सपाट माळ, अशी कल्पना असेल तर ती इथेच सोडावी लागते. तिबेटचं पठार साधारण २५ लाख चौरस किलोमीटरचं, सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर, आणि त्यावर पुन्हा पर्वतरांगा आहेत. दोन रांगांमध्ये रुंद खोलगट खोरी आहेत आणि सपाटपणा मुख्यतः तिथे आहे. दक्षिण अमेरिकेतलं अल्टिप्लानो अँडीजच्या पूर्व आणि पश्चिम रांगांच्या मध्ये गाळाने भरलेल्या परातीसारखं आहे. इथिओपियाचं पठार तिसऱ्याच घडणीचं: लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि मग नद्यांनी ते उभे चिरले. निळ्या नाईलची घळ काही ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास खोल आहे, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला कधी कधी सबंध दिवस जातो. तुमचं पठार या तिघांपैकी कुणाच्या जवळचं आहे, ते पहिल्याच परिच्छेदात सांगा, कारण पाणी, वारा आणि तापमान पुढे त्यावरच ठरतं.

उंचीच्या आकड्यात दोन घोटाळे नेहमी होतात. एक, जीपीएसच्या काही यंत्रांवर दिसणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. दोन्हींत कित्येक मीटरचा फरक पडतो. दोन, ‘सरासरी उंची’ शिखरांमुळे फुगते. म्हणून तळ, कड आणि शिखरं असे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत.

२. छेद काढा, पण त्याच्या उतारांवर विश्वास ठेवू नका

पठाराच्या आडव्या दिशेने एक सरळ रेघ धरून छेद काढा, म्हणजे त्या रेघेवरच्या उंच-सखलतेची बाजूने दिसणारी आकृती. समजा रुंदी २०० किलोमीटर आहे. १ सेंटिमीटरला १० किलोमीटर धरले तर आकृती २० सेंटिमीटरची होते. उंचीसाठी हेच प्रमाण ठेवलं तर २,००० मीटरचा डोंगर २ मिलिमीटरचा होईल आणि काही दिसणारच नाही. म्हणून उंचीला १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर धरतात. यात उभं प्रमाण आडव्याच्या वीसपट ताणलं गेलं. परिणामी २ अंशांचा उतार, ज्यावरून माणूस गप्पा मारत चालेल, तो कागदावर ३५ अंशांचा दिसतो. अशा आकृतीकडे बघून लिहिलेला “तीव्र उतार” अनेक लेखांत सापडतो. उतार नेहमी आकड्यांवरून काढा: दोन समोच्च रेषांमधला उंचीचा फरक भागिले त्यांच्यातलं अंतर. आकृतीखाली ‘उभे प्रमाण २० पट’ असं लिहायला विसरू नका.

३. पाणी कुठे जातं?

पठाराची ओळख पटवायला याहून चांगला प्रश्न नाही. एखादी नदी उपग्रह छायाचित्रावर बोटाने धरा आणि शेवटपर्यंत जा. ती कडा फोडून खाली उतरते, की पठारावरच्याच तळ्यात संपते? तिबेटच्या पश्चिम टोकाला कैलास-मानसरोवराच्या परिसरात सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा जवळजवळ उगम पावतात आणि समुद्र गाठतात. पण उत्तरेकडच्या चांगथांग भागातलं पाणी बाहेर पडतच नाही. ते तळ्यांत जमतं, आटतं आणि क्षार मागे ठेवतं.

तळ्याला बाहेर जाणारा प्रवाह नसेल तर पाणी बहुधा मचूळ किंवा खारट असणार, हे नकाशावरूनच सांगता येतं. काठाभोवती पांढऱ्या कड्या आणि त्यांच्याही वर उतारावर पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर त्या जुन्या काठांच्या खुणा असतात. सर्वांत वरची रेघ आजच्या पाण्यापेक्षा किती मीटर उंच आहे ते मोजा. तळं एकेकाळी किती भरलेलं होतं ते त्या एका आकड्यात कळतं.

तळ्याचं क्षेत्रफळ महिना आणि वर्ष न देता लिहिणं ही चूक तर हमखास होते. अल्टिप्लानोवर टिटिकाका तळं ३,८१२ मीटरवर आहे, त्याची कमाल खोली २८० मीटरच्या आसपास. त्यातून देसाग्वादेरो नदी निघते आणि दक्षिणेला पूपो तळ्यात जाते. पूपो इतकं उथळ की २०१५ च्या अखेरीस ते जवळजवळ पूर्ण आटलं, आणि जुन्या नकाशांवर मात्र ते निळंच आहे. त्याहून दक्षिणेला उयुनीचं मिठाचं मैदान आहे: सुमारे १०,००० चौरस किलोमीटर, आणि एवढ्या विस्तारात उंचीचा फरक एखाद्या मीटरचासुद्धा नाही. उपग्रहांवरची उंची मोजणारी यंत्रं पडताळायला ते वापरलं गेलं आहे. एकाच पाणलोटातलं गोडं तळं, मचूळ उथळ तळं आणि मीठ हा क्रम नीट मांडला की उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारा कोरडेपणा वेगळा सांगावा लागत नाही.

ओढ्यांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. हिमनदीवर पोसलेल्या ओढ्याला रोज भरती-ओहोटी असते. दुपारच्या उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळे पहाटे घोटाभर असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येऊ शकतो. प्रवाहाची खोली किंवा रुंदी लिहिताना वेळ लिहा. अहवाल वाचून कुणीतरी तिथून पलीकडे जाणार असतं.

४. हवेचा दाब

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १,०१३ हेक्टोपास्कल दाब असतो. ३,५०० मीटरवर तो ६५८, ४,५०० वर ५७७ आणि ५,००० वर ५४० होतो. “५,००० मीटरवर हवेत निम्माच ऑक्सिजन असतो” हे वाक्य टाळा. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. दाब जवळपास निम्मा झाल्याने प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन निम्म्यावर येतो. वाक्य तसंच लिहावं.

पाण्याचा उत्कलनबिंदू ढोबळमानाने दर ३०० मीटरला १ अंशाने उतरतो. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांनाच उकळतं. पूर्वी सर्वेक्षक याच्या उलट करत, उकळत्या पाण्यात तापमापी धरून उंची काढत. १८६६ साली वेश बदलून ल्हासाला पोहोचलेल्या नैन सिंग रावत यांनी हीच पद्धत वापरली. तापमापी १ अंशाने चुकली की उंची ३०० मीटरने चुकली. जुन्या ग्रंथांतल्या उंचीच्या आकड्यांकडे बघताना हे लक्षात असू द्या.

५. तापमान: सूत्राने फसायची जागा

शाळेत शिकलेलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: दर किलोमीटरला ६.५ अंश घट. ते पठारावर लावून पाहू. दिल्ली आणि ल्हासा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. दिल्लीची उंची सुमारे २१६ मीटर, ल्हासाची ३,६५०. फरक ३,४३४ मीटर. सूत्राने घट २२ अंश. दिल्लीचं जुलैचं सरासरी तापमान ३१ च्या आसपास, म्हणजे ल्हासात ९ यायला हवं. प्रत्यक्षात तिथे जुलैची सरासरी १६ च्या जवळपास असते. जानेवारीत दिल्ली १४, म्हणजे ल्हासा उणे ८. प्रत्यक्षात उणे एक-दोन.

सूत्र चूक नाही, जागा चूक आहे. घटीचा हा दर खुल्या हवेचा आहे. सुट्या शिखराभोवती चहूबाजूंनी थंड हवा वाहत असते. पठाराची जमीन मात्र हजारो चौरस किलोमीटर उन्हात तापते आणि वरच्या हवेला खालून ऊब देते. त्यात ल्हासा आडोशाच्या खोऱ्यात आणि भरपूर उन्हात. म्हणून पठाराच्या पोटात हिमरेषा (जिच्या वर हिम वर्षभर टिकतं) आणि वनस्पतींची सीमा काठावरच्या पर्वतांपेक्षा वर सरकते. हिमालयाच्या दक्षिण उतारावर हिमरेषा साधारण ५,००० मीटरच्या आसपास असते, तिबेटच्या आतल्या भागात ६,००० च्या जवळ जाते. यात कमी हिमवर्षावाचाही वाटा मोठा आहे. म्हणून मैदानातल्या शहरावरून पठाराचं तापमान काढू नका. पठारावरच्याच दोन केंद्रांमधला फरक घ्या, आणि तोही महिनावार.

दुसरा फसवा आकडा म्हणजे रोजची सरासरी. लेहमध्ये (सुमारे ३,५०० मीटर) जुलैत दुपारी पारा २५ च्या आसपास जातो आणि पहाटे १० च्या आसपास उतरतो. सरासरी १७-१८ लिहिली तर वाचक पातळ स्वेटर घेऊन निघेल आणि दोन्ही वेळा चुकेल. हवा विरळ आणि त्यात बाष्प कमी, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री अडवायला वर काही नसतं. कमाल आणि किमान वेगवेगळे लिहा, आणि आकडा सावलीतल्या हवेचा आहे हेही लिहा. १० अंशांच्या हवेत उन्हातला काळा खडक हाताला चांगलाच गरम लागतो आणि त्याच खडकाच्या मागच्या सावलीत ओल गोठलेली असते.

अक्षांश विसरू नका. अल्टिप्लानो उष्णकटिबंधात आहे, त्यामुळे तिथे वर्षातल्या सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत फरक थोडा, दिवस-रात्रीत त्याच्या दुपटी-तिपटीने. तिबेटात दोन्ही फरक मोठे. दोन्हींना ‘थंड पठार’ म्हणून एकाच रकान्यात टाकलं की हा भेद बुजतो.

केंद्र नेमकं कुठे आहे तेही तपासा. हवामान केंद्रं बहुधा खोऱ्याच्या तळाला, वस्तीजवळ किंवा विमानतळावर असतात. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री थंड हवा उतारावरून घरंगळून तळाला साचते आणि शे-दोनशे मीटर वरचा उतार तळापेक्षा उबदार राहतो. अशा केंद्राचा किमान आकडा पूर्ण पठाराच्या नावावर खपवू नये.

६. पाऊस आणि हिम

प्रथम बाष्प कोणत्या दिशेने येतं ते ठरवा. अल्टिप्लानोला ते पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या खोऱ्यातून मिळतं, तेही मुख्यतः डिसेंबर ते मार्च. तिबेटच्या आग्नेय भागाला ते नद्यांच्या घळींतून शिरणाऱ्या मोसमी वाऱ्यांकडून मिळतं. ल्हासात वर्षाला चारशे मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो, बहुतांश जून ते सप्टेंबरात. लेह पर्जन्यछायेत असल्याने तिथे वर्षभराचा आकडा १०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचाही वाटा.

मग ‘कोरडे’ हा शब्द मोजून वापरा. कोपेनच्या हवामान वर्गीकरणात त्याची सोपी बेरीज आहे: वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचं आणि पाऊस वर्षभर विखुरलेला असेल तर १४० मिळवायचे, ७० टक्के किंवा अधिक पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर २८०. येणारी बेरीज ही मिलिमीटरमधली मर्यादा: वर्षाचा पाऊस तिच्याहून कमी तर हवामान कोरडं, तिच्या निम्म्याहून कमी तर वाळवंट. लेहची वार्षिक सरासरी ६ अंश धरली तर पहिल्या हिशोबाने मर्यादा २६० मिलिमीटर, तिची निम्मी १३०. पाऊस निम्म्याहूनही कमी, म्हणून शीत वाळवंट. ज्या ठिकाणी सर्वांत उबदार महिन्याची सरासरीही ० ते १० अंशांतच राहते, ते टुंड्रा गटात जातं.

हिमाचे आकडे मात्र जपून. वाऱ्यात हिमाचे हलके कण पर्जन्यमापकाच्या तोंडावरून उडून जातात, त्यामुळे नोंद खऱ्यापेक्षा कमीच येते. ताज्या १० सेंटिमीटर हिमाचं साधारण १० मिलिमीटर पाणी होतं असं मानतात, पण अति थंड कोरड्या हवेतलं भुसभुशीत हिम त्याच्या निम्मंच पाणी देतं. शिवाय उन्हात बरंच हिम पाणी न होता थेट वाफ होऊन जातं. सकाळी पांढरा दिसणारा माळ दुपारी कोरडा दिसतो आणि ओढ्यात थेंब वाढलेला नसतो, त्याचं कारण हे.

एका केंद्राच्या पावसावर किती विसंबावं? ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने दोनशेहून अधिक माणसं दगावली, आणि त्या रात्री तिथल्या केंद्रावर नोंद झाली सुमारे १३ मिलिमीटरची. पाऊस काही किलोमीटरच्या पट्ट्यात कोसळला होता आणि मापक त्या पट्ट्याबाहेर होता.

सापेक्ष आर्द्रता द्यायची असेल तर सोबत तापमान द्याच. उणे १० अंशांवर ६० टक्के आर्द्रतेच्या घनमीटर हवेत जेमतेम दीड ग्रॅम बाष्प असतं. ३० अंशांवर त्याच ६० टक्क्यांत १८ ग्रॅम. ओठ फुटतात ते पहिल्या हवेत.

७. ऊन आणि वारा

दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ४,५०० मीटरवर ती समुद्रसपाटीच्या दीडपट होतात, आणि खाली ताजं हिम असेल तर परावर्तनाने आणखी. वाऱ्याचं वेळापत्रक बहुतेक उंच पठारांवर सारखंच दिसतं: सकाळ शांत, जमीन तापली की दुपारी जोर, अंधार पडल्यावर उतार. तापलेली हवा वर उठते आणि वरच्या थरातला वेगवान वारा खाली येतो. म्हणून ‘सरासरी वेग’ देण्याऐवजी सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा असे दोन आकडे द्या. ४,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६३ टक्केच असल्याने तिथला ताशी ४० किलोमीटरचा वारा खालच्या ३२ किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच रेटा देतो. धूळ मात्र तो भरपूर उडवतो.

८. पायाखालची गोठलेली जमीन

सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ शून्याखाली राहिलेल्या जमिनीला कायमगोठण म्हणतात. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात गोठतो, आणि या फुगण्या-बसण्याने रस्ते लाटांसारखे होतात. २००६ साली सुरू झालेल्या छिंगहाई-तिबेट रेल्वेचा सुमारे ५५० किलोमीटरचा टप्पा अशा जमिनीवरून जातो. म्हणून बऱ्याच ठिकाणी रूळ पुलांवर उचलले आहेत आणि बांधाच्या कडेने जमिनीतली उष्णता बाहेर फेकणाऱ्या उभ्या नळ्या रोवल्या आहेत. छायाचित्रात बहुकोनी भेगा, उंचवटे किंवा उतारावर ओघळलेली माती दिसली तर हा मुद्दा लेखात यायलाच हवा.

९. वनस्पतींकडून पडताळणी

हवामान केंद्र नसलेल्या भागात गवत साक्ष देतं. दाट, स्पंजासारखी हिरवळ म्हणजे उन्हाळी पाऊस बरा आहे. खडीत हातभर अंतरावर एकेक झुपका म्हणजे पाऊस तुटपुंजा. तळ्याभोवती कड्याकड्यांनी बदलत जाणारी झुडपं म्हणजे क्षार. उशीसारखी जमिनीला घट्ट बिलगलेली झाडं वाऱ्याची आणि थंडीची खूण. “४,००० मीटरवर झाडे उगवत नाहीत” असले सरसकट नियम मात्र लिहू नका. बोलिव्हियातल्या साहामा ज्वालामुखीच्या उतारावर पॉलिलेपिसची बुटकी झाडं ५,००० मीटरच्याही वर उभी आहेत.

१०. आता लिहा

क्रम असा ठेवा: कड आणि घडण, तीन उंच्या, पाणी, मग ऋतू. हवामान घटकांनुसार न मांडता ऋतूंनुसार मांडलं तर वाचकाला ते सलग दिसतं. तिबेटचं पठार मोसमी वाऱ्यांना तापलेल्या शेगडीसारखं ओढतं की भिंतीसारखं थंड हवा अडवतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. दोन्ही मतं एका वाक्यात सांगा आणि पुढे जा.

सुरुवातीचं वाक्य आता लेहच्या खोऱ्यासाठी असं होईल: “खोऱ्याचा तळ सुमारे ३,५०० मीटरवर आहे. जुलैत दुपारी सावलीत २५ अंशांच्या आसपास तापमान असते, पहाटे १०. जानेवारीतल्या पहाटे ते उणे १३-१४ पर्यंत उतरते. पाऊस व हिम मिळून वर्षाला सुमारे १०० मिमी पाणी पडते.” यात ‘थंड’ नाही आणि ‘कोरडे’ही नाही. केंद्राचं नाव, त्याची उंची आणि सरासरीची वर्षं परिच्छेदाखाली एका ओळीत द्या.